थांबणाऱ्यांचं घर

गाणं पुन्हा झोपलं तेव्हा वहिनी उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. आपलं तोंड कोणाला दिसू नये, एवढाच हेतू. तोंडावर काळजी असणार असं तिने गृहीत धरलं होतं. काचेत पाहिलं तर तिथे चांगलं ऐसपैस समाधान बसलेलं. तिने घाईघाईने कपाळाला दोन आठ्या घातल्या आणि मगच वळली.

मेलं नव्हतं, झोपलं होतं. हा फरक महत्त्वाचा. मेलेल्या गाण्यासाठी चार अश्रू ढाळून मोकळं होता येतं. हे मात्र प्रत्येक वेळी ताठ मानेने चालत यायचं, दुसऱ्या ओळीपाशी पाय ओढायला लागायचं, तिसरीपाशी पेंगायचं आणि शेवटी आत्याच्या ट्रॉम्बोनमधून जांभईसारखा एक लांबलचक सूर निघून सगळा बँड गप्प व्हायचा. मग ड्रममागचा काका काठ्या मांडीवर ठेवून म्हणायचा, माझंच चुकलं. लगेच वहिनीचा नवरा त्याच्या माणसाएवढ्या उंच बेसच्या आडून डोकं काढून म्हणायचा, नाही रे, माझं. सॅक्सोफोनवाले म्हणायचे, छे छे, आमचं. इतक्या भल्या माणसांनी मिळून इतकं वाईट वाजवलेलं वहिनीने या घरात आल्यापासून ऐकलं नव्हतं.

मधोमध माइकसमोर टिकली. तिचा चेहरा मात्र पाहवत नव्हता.

टिकली हे काही तिचं खरं नाव नव्हे. तेराव्या वर्षी पोरगी पहिल्यांदा स्टेजवर चढली तेव्हा वहिनीने तिच्या फ्रॉकवर इतक्या चमकत्या टिकल्या शिवल्या होत्या, की ती दिव्याखाली आली तसे पहिल्या रांगेतल्या लोकांनी डोळ्यांवर हात धरले. तेच नाव पडलं, तेच पोस्टरवर गेलं. तिची गाणीही त्या फ्रॉकला शोभेशी होती. शाळेच्या बसमधलं गाणं, बाकावर कोरलेल्या नावाचं गाणं, आणि प्रत्येकात ध्रुवपदाला एक उंच उडी. टिकली उडी मारायची, तिच्याबरोबर अख्खं मैदान उडी मारायचं. वहिनी आधी शाळेत कवायत शिकवायची. ती नोकरी सोडून मुलीची मॅनेजर झाली, पण कवायत काही सुटली नाही. विंगेत उभी राहून ती बोटांवर मोजायची, एक-दोन-तीन-चार, आणि चारला बोटं फुलासारखी उघडायची. टिकलीच्या कानात ठेका देणाऱ्या यंत्राची टकटक असायचीच, तरी तिची नजर त्या बोटांकडे. चार वर्षांत एक उडी चुकली नव्हती.

आणि मग या वसंतात, जेवताना, मुलीने सांगितलं होतं की पुढची रेकॉर्ड तिला आजोबांच्या बँडबरोबर करायची आहे. जुनी गाणी. आजीने गायलेली. वहिनीने घास खाली ठेवून विचारलं होतं, का म्हणून? टिकली म्हणाली होती, "आई, हल्ली उडी मारली ना, की हवेत असतानाच मला हसू येतं."

यावर काय बोलणार? वहिनीने खूप बोलून पाहिलं. आवाज आता खाली उतरलाय हे तिलाही कळत होतं, मुलगी चार बोटं उंच झाली होती, तेराव्या वर्षीच्या गाण्यांतून तिचे हातपाय बाहेर यायला लागले होते. पण मैदानं अजून भरत होती. भरल्या मैदानाला पाठ दाखवून चष्मेवाल्याच्या आणि दातांच्या डॉक्टरच्या बँडमध्ये जाऊन बसायचं, हे कुठलं शहाणपण?

कारण टिकलीच्या आजोबांचा, म्हणजे अण्णांचा बँड तोच. एकेकाळी मोठ्या हॉटेलात रोज संध्याकाळी वाजणारा, आता दर रविवारी दुपारी आत्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. आत्या म्हणजे टिकलीच्या बाबांची बहीण. खाली दुकानात ती आठवडाभर लोकांच्या ट्रम्पेटचे पोचे काढायची, अडकलेले खटके सोडवायची आणि रविवारी वर येऊन स्वतः ट्रॉम्बोन वाजवायची. टिकलीचे बाबा चष्मे बनवायचे. धाकटा काका दातांचा डॉक्टर. एरवी इतका हलक्या हाताचा, की रोगी त्याच्या खुर्चीत झोपून जायचे. बाकीचे वादक ओळखीपाळखीचे, पिकल्या केसांचे. अण्णांच्या ओठांत आता फुंकर उरली नव्हती, पण समोर बसून त्यांनी दोन बोटं हलवली की तीन रांगा पितळ खडबडून जागं व्हायचं.

शेवटी तह झाला. रेकॉर्ड कंपनीच्या बाई रविवारी दुपारी येऊन ऐकतील. त्यांना पटलं तर पटलं. नाही पटलं, तर उड्यांची नवी गाणी तयार ठेवलेली आहेतच. ती टिकली मुकाट्याने गाईल आणि हा विषय पुन्हा काढणार नाही. अट वहिनीची. टिकली क्षणाचाही विचार न करता हो म्हणाली, आणि तिथेच वहिनीला कळलं की प्रकरण गंभीर आहे. वाद घालणारी मुलगी जेव्हा वाद घालत नाही, तेव्हा तिने सगळं पणाला लावलेलं असतं.

तो रविवार हा. बाई येण्यातच होत्या. आणि गाणं झोपत होतं.

गंमत अशी, की या लढाईत वहिनीच्या बाजूने फक्त एक माणूस होतं आणि ते म्हणजे आत्या. लग्न होऊन आल्यापासून या नणंद-भावजयांचं पडद्याच्या रंगावरसुद्धा एकमत झालं नव्हतं. आता दोघी एकाच बाजूला पाहून घरचे हबकले होते. काका तर म्हणाला होता, बघा बुवा, काहीतरी अघटित होणार.

आत्याचं कारण वेगळं होतं आणि ते ती कोणाला सांगत नव्हती, पण वहिनीला दिसत होतं. आजी गेल्यावर तिची गाण्याची जागा रिकामी झाली. अण्णांच्या बँडचा रिवाज असा, की गाणारीची खुर्ची सॅक्सोफोनवाल्यांच्या रांगेत. ती काही राणी नव्हे. बँड गाणं एकदा पूर्ण वाजवणार, तोवर तिने इतरांसारखं बसून ऐकायचं आणि पाळी आली की उठायचं. आजीनंतर त्या खुर्चीत कोणी बसलं नाही, आणि आजीच्या ओळी आत्याच्या ट्रॉम्बोनवर आल्या. लोक म्हणायचे, डोळे मिटले तर वाटतं आजीच गातायत. आत्याला हे कोणी म्हटलं की ती तोंड फिरवून ट्रॉम्बोनच्या नळीला तेल घालायची. आता त्या ओळी पुन्हा गळ्याकडे जाणार. न्यायाने पाहिलं तर जायलाच हव्यात, पण न्यायाने पाहायला माणूस काय कोर्टात बसलेलं असतं?

"भाची आहे म्हणून गप्प बसायचं," आत्या सकाळी खुर्च्या मांडताना वहिनीला म्हणाली होती, "नाहीतर मी केव्हाच सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतंत, वन्सं?"

"तेच सांगता येत नाही ना."

दोघी हसल्या होत्या. युतीतलं पहिलं हसू.

टिकली खुर्चीत बसून पाळीची वाट पाहायला शिकली, ते सोपं गेलं. अवघड गेलं ते पुढचं. पहिल्या तालमीला तिने सगळे शब्द ठेक्यावर अस्से नेमके ठेवले, की सॅक्सोफोनवाल्यांतला एक म्हातारा हळूच म्हणाला, पोर टाइप छान करते. तिचा दोष नव्हता. चार वर्षं कानात टकटक आणि डोळ्यांसमोर आईची बोटं. म्हणून अण्णांनी आज दोन गोष्टी केल्या. एक, सुनेला हात मांडीखाली दाबून बसायला सांगितलं. ती बिचारी तशी बसलीही, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. आणि दोन, नातीला जवळ बोलावून सांगितलं, ठेका म्हणजे काही मालक नव्हे. तो पुढे चालतोय, चालू दे. आपण किंचित मागे राहायचं. सांगायचंय ते सांगायचं, पण अंगावर धावून जायचं नाही. मजा तिथे आहे, त्या मागे राहण्यात.

आज्ञाधारक मुलगी मागे राहिली. आणि तेव्हापासून गाणं झोपत होतं.

अण्णांनी चहा सांगितला. बँडमध्ये कुठलीही अडचण आली की चहा, हा उपाय आजीच्या काळापासूनचा. कोपऱ्यातल्या टेबलावर किटली आली, कप मांडले गेले. खाली गाडीचं दार वाजलं की सगळ्यांचे कान टवकारत होते. मंडळी दबक्या आवाजात चर्चा करत होती. काकाचं म्हणणं पडलं की गाणं बदलावं. वहिनीच्या नवऱ्याचं म्हणणं पडलं की काकाचं म्हणणं विचारात घ्यावं. आत्या म्हणाली की आपलं काही म्हणणं नाही, म्हणजे होतं. टिकली भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, गुडघे छातीशी घेऊन. चार वर्षांत वहिनीने तिला घामाघूम पाहिलं होतं, तापाने फणफणलेलं पाहिलं होतं, पण असं लहान झालेलं पाहिलं नव्हतं.

वहिनीने पहिला कप भरला आणि काकाच्या हातात दिला.

काकाने तो लगेच भावाकडे सरकवला, तू घे आधी, तू सकाळपासून उभा आहेस. भावाने तो आत्याला दिला. आत्या म्हणाली, अण्णांचं झाल्याशिवाय मी नाही घेणार. अण्णांनी कप हातात घेतला, त्याकडे प्रेमाने पाहिलं आणि नातीला म्हणाले, घशाला बरं वाटेल, घे. टिकलीने घेतला, आणि म्हातारा सॅक्सोफोनवाला खोकला म्हणून त्याच्यापुढे धरला. त्याने दोन्ही हात वर केले, छे छे, डॉक्टरांनी घ्यावा. कप परत काकाकडे आला तेव्हा त्यावर साय धरली होती.

हे वहिनी लग्नापासून पाहत होती. या घरात कोणी आधी जेवायला बसत नसे, कोणी आधी दारातून बाहेर पडत नसे. चौघांनी सिनेमाला जायचं ठरवलं तर तुला कुठला आवडेल, तुला कुठला, करता करता सुरुवात हुकायची. सुरुवातीची काही वर्षं तिला हे सगळं फार सुसंस्कृत वाटायचं. नंतर ती सरळ वाढून घ्यायला लागली.

तिने काकाच्या हातातला तो साय धरलेला कप पाहिला. मग ड्रमकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या बेसकडे, आणि तिला एकदम सगळं लख्ख दिसलं.

टिकली मागे राहत होती, सांगितल्याप्रमाणे. ती मागे पडलेली पाहून काकाच्या जिवाला घोर लागायचा. पोर एकटी पडू नये म्हणून तो काठी थोडी उशिरा टाकायचा. भाऊ थांबला म्हणून भाऊ थांबायचा. बेस थांबला म्हणून सॅक्सोफोन. आता ठेकाच मागे सरकला म्हटल्यावर टिकली, अजून आज्ञाधारक, त्याच्याही मागे सरकायची. मग काकाला पुन्हा घोर. अशी सगळी मंडळी एकमेकांना आधी तू, आधी तू करत गाण्याला पलंगापर्यंत पोचवून येत होती, आणि पांघरूण घालायला आत्या होतीच.

वहिनीला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ही माणसं कळत होती.

आणि मग दुसरी गोष्ट दिसली, ती पहिलीइतकी गंमतशीर नव्हती. हे फक्त तिलाच कळलं होतं. बाई आत्ता येतील, गाणं त्यांच्यासमोर झोपेल, बाई सभ्यपणे हातरुमालाने ओठ टिपतील आणि झालं. मुलगी परत. मैदान, दिवे, उड्या, विंग, बोटं. वहिनीने काहीही करायला नको होतं. नुसता चहा ओतत राहायचं. यात खोटं बोलणं नव्हतं, कोणाला फसवणं नव्हतं. तिला काही कोणी विचारलंही नव्हतं.

तिने दुसरा कप भरला. तिसरा भरला. हात छान स्थिर होता, याचा तिला राग आला.

अण्णा मधूनच भिंतीकडे, नातीकडे पाहत होते. टिकली ओठ न हलवता गाणं म्हणत होती, हे वहिनीला गळ्याच्या शिरेवरून कळलं. अजूनही. म्हणजे तिला अजून वाटत होतं की दोष आपला आहे आणि आणखी नीट मागे राहिलं तर जमेल.

वहिनीने किटली खाली ठेवली. जरा जोरात ठेवली गेली.

"तुम्ही सगळे तिच्यासाठी थांबताय," ती म्हणाली, "आणि ती तुमच्यासाठी."

काका कप हातात धरून उभा होता, घ्यावा की द्यावा अशा अवस्थेत.

"म्हणजे कसं, वहिनी?" त्याने विचारलं. "ती मागे पडली की जरा सांभाळून घ्यायला नको?"

"नको."

"आणि चुकली तर?"

"चुकू दे. भावोजी, तुम्ही चालत राहिलात तर ती मागून येईल. तुम्हीच रस्त्यात उभे राहिलात तर तिने कोणाच्या मागे राहायचं?" मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि अहो, तुम्ही भावाचं तोंड बघून वाजवू नका. कुठेतरी दुसरीकडे बघा. खिडकीबाहेर बघा."

नवऱ्याने आज्ञाधारकपणे तिथल्या तिथे खिडकीबाहेर पाहिलं.

कोणी हसलं नाही. मग अण्णांचे खांदे हलायला लागले. ते असेच हसायचे, आवाज न करता, आणि हसू संपता संपता डोळे पुसायचे. म्हणाले, हिची सासू दर रविवारी हेच ओरडायची. चला पुढे, माझी वाट बघू नका, मी काय पांगळी आहे? आम्हाला वाटायचं, बाईचा स्वभावच तापट.

"घरात घाईचं माणूस ते एकच होतं," अण्णा म्हणाले, "आणि आपण समजत होतो, फक्त गाणारी गेली."

आत्याने ट्रॉम्बोन मांडीवर आडवा घेतला आणि वहिनीकडे रोखून पाहिलं. युती मोडली होती, तीही चहाच्या टेबलावर, आणि तिच्याशी एक शब्द न बोलता. वहिनीला वाटलं, आता पुढची दहा वर्षं पडद्यांचा रंग.

"ते ठीक आहे," आत्या म्हणाली. "ती चालेल, ते चालतील. पण तिच्या ओळी ती म्हणणार, तर मी काय करायचं? मागे बसून हूं हूं?"

हाच तो न सांगता येणारा प्रश्न, शेवटी बाहेर आलेला. वहिनीला त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं, म्हणून तिने मनात आलं ते दिलं.

"भांडा तिच्याशी."

"काय?"

"ती एक वाक्य बोलून श्वास घेईल ना, तेवढ्यात तुम्ही बोला. माझ्याशी बोलता तसं. मी कधी तुमच्यासमोर दोन वाक्यं सलग बोलू शकले आहे का, वन्सं?"

आता मात्र हशा पिकला, आणि तो म्हाताऱ्या सॅक्सोफोनवाल्याने सुरू केला. आत्या हसली नाही. तिने ट्रॉम्बोनची नळी थोडी पुढे-मागे करून पाहिली, डोळे बारीक करून, एखाद्या पोचा आलेल्या ट्रम्पेटकडे पाहावं तशी. वहिनी तो चेहरा ओळखत होती. काम अंगावर घेतल्याचा चेहरा.

मंडळी आपापल्या जागी जायला लागली तेव्हा टिकली उठून टेबलापाशी आली. कप गोळा करायला मदत करायची असल्यासारखी ती आईच्या शेजारी उभी राहिली आणि तिच्याकडे न बघता म्हणाली, "तू गप्प बसली असतीस तरी कोणाला कळलं नसतं."

"तुला कळलं ना?"

"आत्ता कळलं."

वहिनीने एक कप दुसऱ्यात ठेवला. "मला कुठे गप्प बसता येतं," ती म्हणाली. "जा, खुर्चीत बस. आणि बेंबीच्या देठापासून गा, कोणाला घाबरू नकोस. काकाला तर अजिबात नको, तो तुलाच घाबरतो."

टिकलीने तिच्या दंडाला डोकं टेकवलं, एखाद्या कठड्याला टेकवावं तसं सहज, आणि गेली.

अण्णांनी दोन बोटं उचलली.

बँडने गाणं एकदा पूर्ण वाजवलं. पितळ उजळत गेलं. काका दात काढताना करतो तसा चेहरा करून समोरच्या भिंतीवर नजर लावून बसला होता. वहिनीचा नवरा खिडकीबाहेरच्या झाडाला बेस ऐकवत होता. ठेका चालायला लागला, मोठ्या ढांगा टाकत, पण घाई न करता. कामावरून घरी निघालेल्या, खिशात हात घातलेल्या माणसासारखा. मग टिकली खुर्चीतून उठली.

*खिडकी उघडी ठेव,* असं गाणं होतं. एवढंच मागणं, की मी येतेय, उशीर होईल, खिडकी उघडी ठेव, म्हणजे वळणावरून तुझा दिवा दिसेल.

पहिली ओळ यायला हवी होती तिथे आली नाही. ठेका पुढे गेला. वहिनी पुन्हा आपल्या हातांवर बसली होती. हात मांडीखालून केव्हा निसटला तिला कळलं नाही, बोटं उघडलीसुद्धा, आणि टिकली अजून गप्पच. काकाच्या खांद्याला एक झटका बसला, पूर्वीच्या सवयीचा. त्याने दातांवर दात रोवले आणि काठी वेळेवर टाकली. थांबला नाही. आणि तेव्हा ती आली. पळत नाही, धापा टाकत नाही. शब्द ठेक्याच्या मागून येऊन त्याच्या बाजूला असे टेकले, जसं कोणी चालत्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवावा. आवाज खाली, रुंद, मोकळा. वहिनीने हा आवाज घरात ऐकला होता, मुलगी एकटीच काही शोधत फिरताना गुणगुणायची तेव्हा. तो स्टेजवर आणण्यासारखा आहे हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. ती तोवर मोजत होती ना.

टिकलीने श्वास घेतला, आणि आत्या मधे पडली. ट्रॉम्बोन म्हणाला, हो का, उशीर होईल म्हणे, दर वेळचंच आहे. टिकलीची भुवई वर गेली. पुढची ओळ तिने आणखी रेंगाळत टाकली, थेट आत्याकडे बघून. ट्रॉम्बोन फुरफुरला. सॅक्सोफोनवाले बसल्या बसल्या डुलायला लागले, आणि ते झोपेने नव्हतं.

कंपनीच्या बाई केव्हातरी दारात येऊन उभ्या होत्या. वहिनीला त्या दिसल्या. नियमाप्रमाणे आता सगळ्यांनी वाजवणं थांबवून या बसा, आधी चहा घ्या, करायला हवं होतं. कोणी थांबलं नाही. या घराच्या इतिहासात पाहुणा दारात ताटकळत उभा राहण्याची ही पहिली वेळ असावी. बाईंनी कोट काढून हातावर घेतला. मग मोबाइल पर्समध्ये टाकला आणि पर्स बंद केली.

टिकलीने एकदाही आईच्या बोटांकडे पाहिलं नाही. वहिनीने वाट पाहिली की आता कुठेतरी कळ येईल. आली, पण बारीकशी, नवा बूट पहिल्या दिवशी चावतो तेवढी. तिच्या पलीकडे मोठी मोकळी जागा होती आणि त्या जागेचं काय करायचं ते तिला कळेना. मुलगी गात असताना आपल्याला काहीच काम नाही, असं याआधी झालंच नव्हतं. हात रिकामे होते. पाय मात्र, बघते तर, केव्हाचे हलत होते, आणि कवायतीच्या पायांसारखे तर मुळीच नाहीत.

अण्णांनीही ते पाहिलं. त्यांनी बोटं हलवायची थांबवली. बँड चालतच राहिला. अण्णांनी क्षणभर कानोसा घेतला, आपल्यावाचून चालतंय याची खात्री करून घेतली आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले.

"सूनबाई," ते म्हणाले, "ही सगळी गाणी मुळात नाचायची. आयुष्यभर वाजवली. नाचायला कधी मिळालंच नाही. कोणीतरी वाजवायला हवं ना."

"अण्णा, मला येत नाही."

"मला तरी कुठे येतं."

त्यांनी हात पुढे केला. वहिनीने तो धरला. या घरात कोणालाच नाचता येत नव्हतं, सगळे नेहमी वाजवण्याच्या बाजूला. अण्णांनी पहिलं पाऊल तिच्या पायावरच टाकलं आणि माफी मागायला थांबणार, तोच वहिनी म्हणाली, चला पुढे. ते चालले. लाकडी जमिनीवर दोघं तिरके तिरके सरकत गेले, ड्रमपासून खिडकीपर्यंत. काकाचं तोंड उघडं राहिलं, पण काठ्या चालू. नवऱ्याने झाडावरून नजर काढली, बायको वडिलांबरोबर नाचतेय हे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर असं हसू पसरलं, की चष्मा वर सरकला. तरी सूर चुकला नाही.

टिकली शेवटच्या कडव्याला आली होती. आत्या आता भांडत नव्हती. दोघी एकमेकींचं वाक्य पूर्ण करत होत्या, तावातावाने.

कंपनीच्या बाई खुर्च्यांना वळसा घालून आत आल्या. रेकॉर्डिंग कधी सुरू करता येईल, या सगळ्या मंडळींना कुठला आठवडा सोयीचा पडेल, हे कोणाला विचारायचं, असं त्या एकेका वादकाला खुणेने विचारत होत्या. एकाचाही हात मोकळा नव्हता. शेवटी त्यांनी माइककडे पाहिलं. टिकलीने गाता गाताच बोट दाखवलं.

बाई नाचणाऱ्यांच्या मागे मागे आल्या आणि वहिनीच्या खांद्याला त्यांनी हळूच हात लावला.

"मॅनेजर तुम्हीच ना? तारखांचं बोलायचं होतं."

"हो, मीच," वहिनी म्हणाली. अण्णांनी तिला वळवलं, ती वळली, थोडी उशिरा. "पण तुम्ही जरा थांबा."